घर्षण सुटते कसे?

जमिनीवरची जड पेटी ढकलताना सुरुवातीला बराच जोर लावावा लागतो. एकदा ती हलली की कमी जोरातही सरकत राहते. वर्गात आपण याचे स्पष्टीकरण दोन शब्दांत देतो : आधी स्थितिक घर्षण, नंतर गतिक घर्षण. पण एकाची जागा दुसरे घेते त्या क्षणी नेमके काय घडते? पेटीचे सगळे बूड एकाच वेळी सुटते काय?

आधी एक जुने कोडे पाहू. वीट फरशीवर आडवी ठेवा किंवा उभी, ती सरकवायला साधारण तेवढेच बल लागते. घर्षण भारावर अवलंबून असते, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही, हा नियम फ्रान्समध्ये आमोंताँ यांनी १६९९ साली मांडला. त्याचे कारण विसाव्या शतकाच्या मध्याला केंब्रिजच्या बोडन आणि टेबर यांनी दाखवून दिले. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते फक्त काही उंचवट्यांच्या टोकांशी. त्यामुळे खरे स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अगदी लहान अंश असते. भार वाढला की ही टोके अधिक दबतात आणि खरे स्पर्शक्षेत्र वाढते. त्याबरोबर घर्षणही वाढते.

म्हणजे सरकणे सुरू होण्यासाठी हे असंख्य सूक्ष्म सांधे तुटले पाहिजेत. ते कसे तुटतात हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात जे फाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांचा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅक्रिलिकचे दोन पारदर्शक ठोकळे एकावर एक ठेवून त्यांच्या सांध्यावर लेसरचा प्रकाश तिरपा सोडला. जिथे मध्ये हवेची फट होती तिथे पूर्ण आंतरिक परावर्तन झाले. जिथे खरा स्पर्श होता तिथूनच प्रकाश पलीकडे गेला. पलीकडे पोचणारा प्रकाश म्हणजे खऱ्या स्पर्शक्षेत्राचे माप! अतिवेगवान कॅमेऱ्याने तो टिपला.

चित्रांत दिसले ते असे. सांधे एकदम तुटत नाहीत. एका ठिकाणी तुटायला सुरुवात होते आणि ती तूट लाटेसारखी पुढे धावते. काही लाटांचा वेग त्या पदार्थातील ध्वनीच्या वेगाच्या जवळपास असतो. काही त्याच्या दहाव्या हिश्श्याने जातात. लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेपर्यंत ठोकळा एकसंध सरकत नाही.

कापडाच्या दुकानात याचे उदाहरण रोज दिसते. दुकानदार कापडाला कात्रीने लहानशी चीर देतो आणि मग एका हिसक्यात ते फाडतो. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून एका वेळी थोडेच धागे तुटावे लागतात. २०१४ मध्ये फाइनबर्ग यांच्या गटाने धावणाऱ्या लाटेच्या टोकाजवळचा ताण मोजला. ठिसूळ पदार्थातील तड्यासाठीचे गणित त्याला चपखल लागू पडले. सरकण्याची सुरुवात म्हणजे दोन पृष्ठभागांच्या मधून धावणारा तडा.

भूकंपातही असेच घडते. भूगर्भातील भेगेच्या दोन बाजू घर्षणाने अडकून राहतात. ताण साठतो आणि एका बिंदूपासून सुरू झालेली तूट भेगेवरून पसरत जाते. भेगेत पाणी शिरून त्याचा दाब वाढला, तर दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबणारे बल परिणामी कमी होते व घर्षण लवकर सुटते. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा जलाशयाशी संबंध जोडला जातो तो याच कारणाने.

याचा वर्गाशी संबंध आहे. तडा कुठे सुरू होईल व किती दूर जाईल हे ताण कसा वाटला गेला आहे यावर ठरते. म्हणून त्याच दोन पदार्थांचा स्थितिक घर्षणांक, बल कसे लावले यानुसार, बदलू शकतो. २०११ मधील प्रयोगांनी हे दाखवले. पुस्तकातील तक्त्यातला आकडा अंदाजासाठी उपयोगी आहे, पण तो पदार्थाच्या घनतेसारखा पक्का नाही.

विद्यार्थ्यांना लाकडी ठोकळा ताणकाट्याने हळूहळू ओढायला सांगा. सरकण्यापूर्वीचे सर्वांत मोठे वाचन दहा वेळा नोंदवा. मग आकडी आधी तळाजवळ, नंतर वरच्या कडेजवळ लावून पाहा. ओढण्यापूर्वी ठोकळा एकदा लगेच, एकदा पाच मिनिटांनी ओढा, कारण टेकून राहिलेले सांधे काळाबरोबर घट्ट होतात. वाचने जुळली नाहीत तर ‘प्रयोग चुकला’ म्हणून खोडू नका. त्या फरकांत घर्षणाचे खरे स्वरूपही दडलेले असू शकते. ते शोधायला मुलांना वाव द्या.