सुवर्णकमळाचे पाच मानकरी

मनोरंजनाची साधने आज घरोघरी इतकी सुलभ झाली आहेत की, काय पाहावे यापेक्षा काय पाहू नये, हाच प्रश्न सुज्ञ कुटुंबास पडावा. त्यावर उपाय म्हणून उमरीच्या आमच्या घरी आम्ही एक नेम केला. देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटास भारत सरकारतर्फे जो सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान दिला जातो, तो मिळविणारे सर्व मराठी चित्रपट लहानथोरांनी एकत्र बसून क्रमाने पाहावयाचे. त्यासाठी नांदेडची गाडी पकडण्याचेही कारण नव्हते. दूरचित्रवाणीचा संच व रविवारची दुपार एवढे पुरेसे होते.

१९५३ ते २०२३ या ७१ वर्षांच्या पुरस्कारांत असे मराठी चित्रपट अवघे पाच आहेत. पहिल्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर थेट २००३ सालचा ‘श्वास’. मध्ये ५० वर्षांची पोकळी! पुढे २०११ सालासाठी ‘देऊळ’ (हा मान ‘ब्यारी’ चित्रपटासह विभागून), २०१४ सालासाठी ‘कोर्ट’ आणि २०१६ सालासाठी ‘कासव’ यांना सुवर्णकमळ लाभले.

क्रमाने पाहिल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. या पाचही कथांत कोणी ना कोणी असहाय आहे, आणि त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, हाच खरा प्रश्न आहे. पहिल्या चित्रपटात आई उभी राहते. ‘श्वास’मध्ये शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार असे कळताच खेड्यातील आजोबा त्याला डोळाभर जग दाखविण्यासाठी रुग्णालयाबाहेर घेऊन जातात. येथवर घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले व सर्वांचे एकमत झाले.

मतभेद सुरू झाले ते ‘देऊळ’पासून. उमेश कुलकर्णी यांच्या या चित्रपटात केश्याला दत्तदर्शन होते आणि गावात रुग्णालयाऐवजी देवस्थान उभे राहते. आमच्या घरातील नित्य गुरुचरित्र वाचणाऱ्या आजींना हे रुचले नाही. परंतु “देव खरा, बाजार खोटा,” असे त्यांनीच अखेरीस सांगून टाकले.

‘कोर्ट’ पाहताना तर सारे घर अस्वस्थ झाले. गटार साफ करणाऱ्या कामगारास आपल्या गीताने आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप एका वृद्ध लोकशाहिरावर येतो. त्याच्याविरुद्ध उभी असलेली सरकारी वकील घरी स्वयंपाक करते, कुटुंबासह नाटकास जाते. ती दुष्ट मुळीच नाही. आपल्यासारख्याच सुशिक्षित घरातील बाई शांतपणे एका गरिबाच्या विरोधात युक्तिवाद करते, हे चैतन्य ताम्हाणे यांनी कोठेही आवाज न चढविता दाखविले आहे. त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ आम्ही शेवटी पाहिला. जिवाला कंटाळलेल्या अनोळखी तरुणास जानकी आश्रय देते व त्याचे नावगावही विचारीत नाही. आमचा एक पुतण्या स्पर्धापरीक्षेतील अपयशानंतर अबोल झाला होता. चित्रपट संपल्यावर त्याच्या थोरल्या काकूंनी “पुढे काय ठरविलेस?” हा नित्याचा प्रश्न केला नाही. “चहा टाकते रे, ये स्वयंपाकघरात,” एवढेच त्या म्हणाल्या. तो गेला, आणि बऱ्याच महिन्यांनी मनातले बोलू लागला.

पारितोषिके परीक्षक देतात, आणि त्यांची निवड प्रत्येकास पटेलच असे नाही. तथापि केवळ आवडीवर विसंबून राहिलो असतो, तर पहिल्या दोन चित्रपटांपुढे आम्ही गेलोच नसतो. आईची व आजोबांची माया आपल्याला सहज कळते. परक्याविषयीचे कर्तव्य मात्र कोणीतरी दाखवून द्यावे लागते. ज्या घरांत अजून चार पिढ्या एका छपराखाली नांदतात, त्यांनी हा पाच रविवारांचा नेम अवश्य करून पाहावा, आणि प्रत्येक चित्रपटानंतर तासभर तरी संच बंद ठेवून आपापसांत बोलावे.