पदवीधरांचे पुनर्मिलन

शिक्षण संपून वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावर जुन्या सहाध्यायांनी एकत्र जमावे, ही प्रथा आज आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की, तिलाही केव्हातरी आरंभ असला पाहिजे हे सहसा ध्यानात येत नाही. कलकत्त्यात असा मेळावा १८७५ साली भरला. स्थळ होते शहराच्या उत्तरेस, बराकपूरच्या रस्त्यावरील 'मरकतकुंज' हा पाथुरियाघाटाच्या ठाकूर घराण्याचा बागबंगला.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन विद्यापीठाचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. कलकत्ता विद्यापीठ २४ जानेवारी १८५७ रोजी स्थापन झाले. मुंबई व मद्रास येथील विद्यापीठेही त्याच वर्षीची. ही विद्यापीठे आरंभी केवळ परीक्षा घेत व पदव्या देत. अध्यापन महाविद्यालयांत चाले. म्हणजे विद्यापीठाचे माजी विद्यार्थी एका छपराखाली शिकलेले नव्हते. त्यांना जोडणारा दुवा परीक्षेचाच काय तो होता. १८५८ च्या पहिल्या बी.ए. परीक्षेत दोघेच उत्तीर्ण झाले. त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. पुढे पदवीधर वाढले आणि कोणी डेप्युटी मॅजिस्ट्रेट, कोणी वकील, कोणी शिक्षक म्हणून प्रांतभर पांगले. या विखुरलेल्यांचा काही एक समाज बनू शकेल काय, हा प्रश्न त्या मेळाव्यामागे होता.

मेळाव्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते राजनारायण बसू हे विद्यापीठपूर्व पिढीतले, हिंदू कॉलेजचे विद्यार्थी. २० जानेवारी १८१७ रोजी उघडलेले हे विद्यालय १८५५ साली प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. राजनारायणांनी मेळाव्यात त्याचा इतिहास निबंधरूपाने वाचला. जुने विद्यार्थी जमले म्हणजे आठवणी निघायच्याच. परंतु त्या आठवणींची शिस्तवार नोंद करावी असे वाटणे, हे मला त्या दिवसाचे खरे फलित वाटते.

येथे अनुवादकाने एक सांगावे. बंगालीत माजी विद्यार्थ्याला 'प्राक्तनी' म्हणतात. मराठीत प्राक्तन म्हणजे पूर्वसंचित, दैव! तो शब्द जसाच्या तसा ठेवला असता तर वाचकाचा भलताच समज झाला असता. आपले 'स्नेहसंमेलन'ही उपयोगाचे नाही, कारण ते चालू विद्यार्थ्यांचे असते. म्हणून 'पुनर्मिलन' पत्करले.

अशाच एका संमेलनाचे जिवंत चित्र रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या 'जीवनस्मृति'त सापडते. ते तेव्हा पौगंडावस्थेत होते आणि पदवीशी त्यांचा काही संबंध नव्हता. संमेलनाचे अग्रणी चंद्रनाथ बसू यांनी त्यांना कविता वाचण्यास बोलावले होते. हा मुलगा पुढेमागे आपल्यांतला एक होईल अशी चंद्रनाथांना आशा असावी, असे रवीन्द्रनाथांनी थोड्या विनोदाने लिहिले आहे. त्या गर्दीत एका उंच, गौरवर्ण, तेजस्वी पुरुषाने त्यांची दृष्टी खिळवून ठेवली. चौकशी करता ते बंकिमचंद्र निघाले. एका दालनात एक पंडित स्वरचित देशभक्तिपर संस्कृत श्लोक म्हणून त्यांचा बंगालीत अर्थ सांगत होता. अर्थ सांगता सांगता एक काहीसा ग्राम्य उल्लेख आला. त्याबरोबर बंकिमचंद्र हातांनी तोंड झाकून दालनाबाहेर निघून गेले. दाराशी उभ्या असलेल्या मुलाच्या मनावर ती पाठमोरी मूर्ती कायमची ठसली.

प्रसंग क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही. एकाच विद्येचे संस्कार झालेल्या या मंडळींची अभिरुची एक नव्हती, आणि ते भर मेळाव्यात उघड झाले. स्नेह्यांच्या घोळक्यातही बंकिमचंद्र वेगळे, काहीसे एकटे वावरत होते, असेच रवीन्द्रनाथांच्या वर्णनावरून दिसते. शिवाय पदवीधरांच्या या समाजात त्या वेळी एकही स्त्री नव्हती. कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू यांना पदव्या मिळाल्या त्या १८८३ साली.

चंद्रनाथांची आशा अखेर निराळ्या रीतीने फळाला आली. १९१३ च्या अखेरीस कलकत्ता विद्यापीठाने रवीन्द्रनाथांना सन्माननीय डी.लिट्. दिली, चंद्रनाथ १९१० सालीच निवर्तले होते. मरकतकुंजात आज रवीन्द्र भारती विद्यापीठाचा परिसर आहे. हे विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले.