फुंकर मारून कॅसेट सुरू होत नाही

जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कोणी ना कोणी ओठांचा चंबू करून दाखवतंच. कॅसेट काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची, परत खोचायची, आणि कॉन्ट्रा सुरू! आठवण म्हणून ती गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आजच्या सवयीबद्दल. तीच मंडळी आता चाळिशीत आहेत, हातात पैसे आहेत, माळ्यावरचे डबे खाली येताहेत, जुन्या बाजारातून कन्सोल विकत घेतले जाताहेत. आणि तीस-पस्तीस वर्षं कशाबशा टिकलेल्या कॅसेटवर पहिला उपचार कोणता होतो? फुंकर. हे ऐकून आणि पाहून आता खरोखर कंटाळा आला आहे.

आधी आपण कोणत्या यंत्राबद्दल बोलतोय ते पाहू. निन्टेन्डोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम आणला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे आलं, ते बहुतेक करून याच फॅमिकॉमच्या नकला. डब्यावर नाव काहीही असो, आत चिप त्याच घडणीची आणि कॅसेट साठ पिनांची. अमेरिकेत १९८५ मध्ये याच यंत्राची बहात्तर पिनांची आवृत्ती एनईएस या नावाने आली. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून किंवा ऑनलाइन मागवून आपल्याकडे आता येते ती ही.

कॅसेटच्या आत फीत नसते, फिरणारा भाग नसतो. एक छोटा हिरवा बोर्ड, त्यावर दोन-तीन चिप आणि कडेला सोनेरी पिनांची रांग, एवढाच कारभार. ही रांग कन्सोलमधल्या स्प्रिंगसारख्या पात्यांना टेकते आणि कन्सोल कॅसेटमधली माहिती थेट वाचतो. एकेक पिन म्हणजे एकेक तार. आठ तारांवरून प्रोग्रॅमची माहिती येते, वेगळ्या आठ तारांवरून चित्रांची. म्हणूनच बिघाडाची लक्षणंही वेगवेगळी असतात. खेळ चालतो, संगीत नीट वाजतं, उडी मारली की आवाज येतो, पण मारिओच्या जागी आकड्या-अक्षरांचा चिवडा दिसतो, तेव्हा चित्रांच्या बाजूची एखादी पिन टेकलेली नसते. पडदा नुसता करडा राहतो किंवा खेळ मध्येच गोठतो, तेव्हा प्रोग्रॅमच्या बाजूचा संपर्क तुटलेला असतो. साठांपैकी एक पिन रुसली तरी पुरतं.

आता ती का रुसते? धूळ हे कारण सगळ्यात मागे. खरं कारण म्हणजे धातूवर हवेने चढलेला पातळ थर, बोटांचा तेलकटपणा आणि जुनी पाती सैल होणं. यातलं फुंकरीने जाणारं काय आहे? मोकळी धूळ तेवढी. धातूवर चढलेला थर फुंकरीने उडत नाही.

‘पण मग चालायची कशी? मी स्वतः पाहिलंय!’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, लावलेलं कारण चुकीचं आहे. फुंकर मारण्यासाठी आधी कॅसेट बाहेर काढावी लागते आणि नंतर परत खोचावी लागते. या काढण्या-खोचण्यात पाती पिनांवर घासली जातात, वरचा थर खरवडला जातो आणि कॅसेट किंचित वेगळ्या जागी बसते. काम होतं ते या घासण्याने. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि आपण तीस वर्षं कावळ्याला श्रेय देतोय. खात्री करायची असेल तर न फुंकता कॅसेट चार वेळा काढून घाला. तितक्याच वेळा सुरू होईल. श्वासातल्या ओलाव्याने एखाद्या वेळी क्षणभर संपर्क सुधारतही असेल, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

किंमत कोणती? उच्छ्वास उबदार आणि दमट असतो. थंड धातूवर पडला की त्याचं पाणी होतं, आरशावर होतं तसंच. सोबत थुंकीचे बारीक तुषार असतात, त्यात क्षार असतात. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ, खाली निकेल आणि त्याखाली तांबं. मुलाम्याला बारीकशी चीर असली तरी ओलावा आणि क्षार तांब्यापर्यंत पोचतात आणि हिरवट-काळा थर धरतो. मग संपर्क आणखी बिघडतो, आणि माणूस आणखी जोरात फुंकतो.

हे माझं मत नाही. खुद्द निन्टेन्डोने ग्राहकांना स्पष्ट सांगितलं होतं की कॅसेटमध्ये किंवा कन्सोलमध्ये फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. १९८९ मध्ये कंपनीने एनईएससाठी साफसफाईचा अधिकृत संचही विकायला आणला. फुंकरीने भागत असतं तर तो कशाला काढला असता? अमेरिकेतल्या एका संग्राहकाने तर जायरोमाइट या खेळाच्या दोन कॅसेटी घेऊन पाहिलं: एकीत महिनाभर रोज दहा वेळा फुंकर, दुसरी तशीच बाजूला. फुंकलेल्या कॅसेटच्या पिना डोळ्यांना दिसण्याइतक्या खराब झाल्या. दोन कॅसेटींचा प्रयोग म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मान्य. पण धातू, पाणी आणि क्षार एकत्र आल्यावर काय होतं हे सांगायला प्रयोगशाळाही लागत नाही. त्यात आपल्याकडे मुंबई-कोकणचा पावसाळा आणि खारी हवा. कपाटातल्या कॅसेटला दमटपणा आधीच भरपूर मिळतो, त्यात तोंडाने आणखी भर कशाला?

मग करायचं काय? उपाय स्वस्त आहे आणि पाच मिनिटांचा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नव्वद टक्क्यांच्या वरचं. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवा, निथळू द्या, आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आतून बाहेर, ओढा. आडवी घासू नका, कापसाचे तंतू अडकतात. पहिली काडी काढून पाहा: टोकाला शिसपेन्सिलीसारखा काळा पट्टा आलेला असेल. बोर्ड उलटा करा, कारण पिना दोन्ही बाजूंना असतात आणि मागची बाजू हमखास राहून जाते. दुसरी काडी करडी निघेल, तिसरी-चौथी पांढरी. पांढरी निघाली की थांबा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच खोचा. पहिल्या काडीवरचा तो काळा पट्टा ज्याने एकदा पाहिला, त्याला फुंकर किती निरुपयोगी होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

हट्टी डागांवर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने चालतं, मात्र नंतर अल्कोहोलने पुसायलाच हवं. पॉलिश पेपर कधीही नाही, त्याने मुलामाच निघतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यातल्या अ‍ॅसिटोनने कॅसेटचं प्लास्टिक विरघळतं. पितळ उजळायची पेस्टही नको, तिचा अंश मागे राहतो. आणि स्वच्छ कॅसेट घाणेरड्या कन्सोलमध्ये घातली तर श्रम वाया, म्हणून कन्सोलची पातीही पुसून घ्या.

आपल्या फॅमिकॉमछाप यंत्रांत कॅसेट वरून सरळ खाली जाते, ही पद्धत तशी दणकट. खरा त्रास एनईएसचा. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता, दुकानदार कन्सोल या नावालाही कंटाळले होते. म्हणून निन्टेन्डोने यंत्राला व्हीसीआरसारखं रूप दिलं: झाकण उघडा, कॅसेट आडवी सरकवा, खाली दाबा. या दाबण्यात पाती वाकतात आणि काही वर्षांत सैल पडतात. वर त्यात एक कुलूप-चिप होती. कन्सोलमधली चिप कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी सतत खूण जुळवते. खूण जुळली नाही की यंत्र सेकंदाला एकदा या गतीने रिसेट होत राहतं आणि लाल दिवा लुकलुकतो. अमेरिकेतल्या पोरांची फुंकर सुरू झाली ती या लुकलुकण्यामुळे. फॅमिकॉममध्ये हे कुलूपच नव्हतं, आणि १९९३ च्या वरून कॅसेट घालायच्या एनईएसमधूनही ते काढून टाकलं गेलं.

इथे कन्सोलमध्ये फेरफार म्हणजे मॉडिंग करणाऱ्यांचाही एक लाडका गैरसमज येतो. कन्सोलमधल्या कुलूप-चिपचा चौथा पाय कापला की दिवा लुकलुकायचा थांबतो, हे खरं आहे, आणि हा बदल मीही सुचवतो. पण त्याने ‘कॅसेट न लागण्याचा प्रॉब्लेम सुटतो’ हे खोटं. सैल पाती सैलच राहतात. आता लुकलुकण्याऐवजी करडा पडदा दिसतो, एवढाच फरक. ती पाती असलेला कनेक्टर साफ करावाच लागतो. स्वस्तातला नवा कनेक्टर बसवलात तर तो कॅसेटला इतकं घट्ट धरतो की काढताना दम निघतो. म्हणून जुना मूळचा कनेक्टर काढून साफ करून पाहा, टाकू नका.

यानंतरचा गैरसमज मात्र यंत्राचा जीव घेणारा आहे: ‘नऊ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर चालतो.’ नाही चालत. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर नऊ व्होल्ट एसी देतो, कारण एसीचं डीसी करायची सोय यंत्राच्या आत आहे. फॅमिकॉमला डीसी लागतो आणि तोही मधलं टोक ऋण असलेला. एसीचा अडॅप्टर फॅमिकॉममध्ये खोचलात तर ते यंत्र मेलंच समजा. सेगाचं तर आणखी विचित्र: मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधलं टोक ऋण लागतं, दुसऱ्याला धन. आणि न्यू जर्सीहून मामाने पाठवलेला मूळ अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो सरळ खोचू नका. व्होल्ट, एसी की डीसी, आणि टोकाची दिशा, या तीन गोष्टी अडॅप्टरवर छापलेल्या असतात. त्या वाचून मगच बटण दाबा.

असेच आणखी काही गैरसमज. ‘एव्ही ते एचडीएमआयचा तीन-चारशे रुपयांचा डबा लावला की चित्र एचडी होतं.’ होत नाही. जुने कन्सोल पडद्याच्या २४० ओळी एकसलग पाठवतात, हे स्वस्त डबे त्यांना टीव्हीचा साधा विणलेला (इंटरलेस्ड) सिग्नल समजतात. परिणामी चित्र धुरकट, बारीक वस्तू लुकलुकणाऱ्या, आणि बटण दाबल्यावर उडीला उशीर. जुना ट्यूबचा टीव्ही मिळाला तर यापेक्षा कितीतरी बरा.

‘बदकं टिपायच्या गेममधल्या बंदुकीतून किरण निघतो आणि बदकाला लागतो.’ उलट आहे. बंदूक प्रकाश सोडत नाही, पाहते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो चौकोन बंदुकीला दिसला तर नेम लागला. बल्बकडे रोखूनही फसवता येत नाही, कारण आधी काळा पडदा दिसणं सक्तीचं आहे आणि मूळ बंदूक ट्यूबच्या सुमारे पंधरा हजार हर्ट्झच्या लयीतलाच प्रकाश ओळखते. एलसीडीवर ती चालत नाही ती याचमुळे, बंदूक बिघडलेली नसते.

‘गेम खेळल्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते.’ दिवसरात्र एकच चित्र चालू असलेल्या आर्केड यंत्रांच्या पडद्यांवर डाग पडले हे खरं, पण घरच्या तास-दोन तासांनी ट्यूब जात नव्हती.

‘प्लास्टिक पिवळं पडलंय म्हणजे मळलंय.’ साबणाने ते जाणार नाही. ऊन, उष्णता आणि प्लास्टिकमधली आगरोधक द्रव्यं यांचा तो परिणाम आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग उजळतो, पण काही वर्षांत पुन्हा पिवळेपणा येऊ शकतो.

‘जुना कन्सोल घेतला की सगळे कपॅसिटर बदलायलाच हवेत.’ सेगाच्या गेम गिअरमध्ये हो, तिथे ते हमखास गळतात. चांगल्या चालणाऱ्या एनईएसला विनाकारण सोल्डरिंग आयर्न लावू नका.

‘वीस वर्षं उलटली की रॉम, म्हणजे कॅसेटमधल्या खेळाची फाइल, डाउनलोड करणं कायदेशीर’ आणि ‘चोवीस तासांत डिलीट केलं तर चालतं.’ दोन्ही साफ खोटं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं एकही कलम नाही. संगणक प्रोग्रॅम तिथे साहित्यकृतीत मोडतो, आणि कमीत कमी मुदत धरली तरी १९८५ चा मारिओ २०४५ संपेपर्यंत मोकळा होत नाही.

‘सेव्ह राहत नाही म्हणजे कॅसेट गेली.’ ही समजूत ऐकून चांगल्या कॅसेटी लोक मातीमोल भावात विकून टाकतात. झेल्डासारख्या कॅसेटमध्ये आत नाण्याएवढा लिथियमचा सेल असतो, सेव्ह जपणारी चिप त्याच्यावर जगते. तो संपला की फक्त सेव्ह जातं, खेळ शाबूत असतो. सेल बदलून घ्या, पण सुट्या सेलला थेट सोल्डर लावू देऊ नका, तापून तो फुटू शकतो. दुकानात सीआर२०३२ मागताना पत्र्याचे पाय आधीच जोडलेला सेल मागा.