तालाची वाणी

संगीताच्या मैफलींत तालवाद्य वाजविणारा बहुधा मागें बसतो. परंतु ताल सांभाळणाऱ्यासही स्वतःचें कांहीं सांगावयाचें असतें, हें ज्यांनीं जगास पटविलें, त्यांत अमेरिकेतील जॅझ ड्रमवादक मॅक्स रोच (१९२४–२००७) यांची गणना होते. त्यांच्या १९६० सालच्या 'वुई इन्सिस्ट' या तबकडीचा परिचय आम्ही येथें करून देत आहोंत. 'आमचा आग्रह आहे' असा या नांवाचा अर्थ; आणि तो आग्रह स्वातंत्र्याचा होय.

जॅझ हें अमेरिकेतील कृष्णवर्णी लोकांनीं निर्माण केलेलें संगीत. त्या देशांत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. तथापि दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद पुढें शतकभर टिकला. १९६० च्या फेब्रुवारींत नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो येथें चार कृष्णवर्णी विद्यार्थी गोऱ्यांसाठीं राखलेल्या फराळाच्या जागीं शांतपणें जाऊन बसले, आणि कोणीं कांहीं वाढलें नाहीं तरी उठले नाहींत. रोच यांचा जन्म त्याच राज्यांतला. तबकडीच्या वेष्टनावर अशाच प्रसंगाचें चित्र आहे.

तबकडीचे भाग पांच. पहिल्यांत गुलामांवरील मुकादमाचें वर्णन ॲबी लिंकन या गायिका करितात. जॅझचें आवर्तन बहुधा चार मात्रांचें. येथें तें पांचांचें आहे, आणि पहिल्या मात्रेवरील आघात ऐकतांच चाबकाची आठवण होते. याच गीतांत कोलमन हॉकिन्स या ज्येष्ठ वादकांच्या सॅक्सोफोनमधून एक स्वर चिरकला. तो काढूं नये असें त्यांनींच सांगितलें. अशा विषयाचें संगीत निर्दोष असणें हेंच त्यांस चुकीचें वाटलें.

तिसऱ्या भागांत लिंकनबाईंचा आवाज व रोच यांचे ड्रम एवढेंच आहे. शब्द एकही नाहीं. प्रथम प्रार्थना, मग निषेध, शेवटीं शांति. निषेधांत गायिका किंचाळतात, तेव्हां ऐकणारा दचकतो. नंतरची शांति थकलेल्या श्वासाची वाटते. चौथ्यांत नायजेरियाचे ढोलवादक ओलातुंजी आफ्रिकेचे ताल आणितात. पांचवा भाग शोकाचा. दक्षिण आफ्रिकेंत शार्पव्हिल येथें २१ मार्च १९६० रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत ६९ माणसें मेलीं. त्यांच्यासाठीं तो आहे.

२०२२ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत या तबकडीची निवड केली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे बँडमध्यें ढोल किंवा घरीं तबला वाजवितात, त्यांनीं ती एकदां अवश्य ऐकावी. रोच यांचा राग केवढाही असो, मात्रा कोठेंही ढळत नाहीं. म्हणूनच तो राग ऐकणाऱ्याच्या हृदयापर्यंत पोहोंचतो.