सुई बदला, केबलचं नंतर बघू!

अप्रेझलचं पत्र हातात पडलं की कुणी बाइक बुक करतं, कुणी गोव्याचं तिकीट काढतं. आमच्यासारख्या काही येड्यांच्या डोक्यात मात्र टर्नटेबल फिरायला लागतं! टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, स्पीकर्स असा संसार थाटून झाला, की सुरू होतो अॅक्सेसरीजचा खर्च. बोटाएवढ्या जाड केबल्स, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग्ज, स्पीकरखाली ठेवायचे पितळी खिळे... शोरूममधला सेल्समन इतक्या आपुलकीने बोलतो, की स्थळ सांगून आल्यासारखं वाटतं.

यातलं नेमकं काय घ्यायचं, हे मला पुण्यातल्या शोरूममध्ये नाही, जतमध्ये कळलं. हो, जत! सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, कर्नाटकच्या सीमेवरचं, पावसाने कायम पाठ फिरवलेलं. (रेल्वेने जाणाऱ्यांना फुकटचा सल्ला : मिरज-पंढरपूर लाइनवर ‘जत रोड’ स्टेशन दिसलं म्हणून ‘पोहोचलो’ असा फोन करू नका. गाव अजून बरंच लांब असतं.)

तिथे मामाच्या माळ्यावर आजीच्या वडिलांची ट्रंक होती. आत बारा तबकड्या, सगळ्या ७८ स्पीडच्या. पणजोबा मिरजेला जाऊन-येऊन असायचे. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, हिराबाई बडोदेकरांचा जन्मही तिथलाच, १९०५ सालचा. तेव्हा ट्रंकेत काय निघालं असेल, ते ओळखा! आजीला खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ऐकायची होती. घरातला जुना प्लेअर बंद पडल्यापासून तिने ती ऐकलीच नव्हती. म्हणून मी माझा सगळा सेटअप गाडीत घालून जत गाठलं.

पहिली फजिती सुईची. एलपीची सुई टोकाला साधारण ०.०१८ मिलिमीटर असते, ७८च्या तबकडीला लागते साधारण ०.०७६ची. चौपट! बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी खरडत बसते आणि गाण्याऐवजी भजी तळल्याचा आवाज येतो. माझ्या टर्नटेबलला ७८चा स्पीड होता, पण सुई एलपीचीच. (घेताना हा स्पीड आहे का, ते आधी बघा. बऱ्याच नव्या मॉडेल्सना फक्त ३३ आणि ४५च असतात.) वेगळी सुई मागवून पुढच्या शनिवारी पुन्हा जत.

दुसरी चूक मात्र महागात पडली. तबकड्यांवर जतची धूळ, तीही पिढ्यान्‌पिढ्यांची. मी एलपीसाठीचं, अल्कोहोल असलेलं क्लीनिंग लिक्विड काढलं आणि हिराबाईंची एक तबकडी पुसली. फडक्यावर काळं आलं. मला वाटलं, मळ निघतोय! ओसरीवर दाराला पॉलिश करत बसलेला सुतार उठून आला. म्हणाला, “ताई, त्यो चपडा हाय. स्पिरिटमधी इरघळतोय की! आमी पॉलिश असंच करतोय.”

अगदी बरोबर. जुन्या तबकड्या लाखेच्या, म्हणजे शेलॅकच्या, आणि शेलॅक म्हणजेच चपडा. मी मळ नाही, गाणं पुसत होते. आजी काहीच बोलली नाही, नुसती तबकडी उन्हात धरून बघत राहिली. मला ते जास्त लागलं.

उरलेल्या अकरा मग डिस्टिल्ड वॉटर, सौम्य लिक्विड सोपचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावर साफ केल्या, मधलं लेबल कोरडं ठेवून. व्हिनाइल एलपी असेल तर रोज वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवला तरी पुष्कळ.

त्यानंतर घुर्रर्र. टर्नटेबलच्या मागे एक बारीक अर्थ वायर लोंबत असते, ती अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला लावायची असते. मी विसरले होते. ती लावली, घुरघुर गेली. तरी अॅम्प्लिफायरला हात लागला की मुंग्या यायच्या. मामाने अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला. कोळसा आणि मीठ, दोन्ही ठणठणीत वाळलेलं. “जतला माणसांना पाणी न्हाई, तुझ्या मशीनला कुठलं?” असं म्हणत त्याने दोन कळश्या ओतल्या. मुंग्या थांबल्या. (तुमच्या फ्लॅटमध्ये असं झालं तर सरळ इलेक्ट्रिशियन बोलवा, स्वतः हात घालू नका.)

आणि केबल? घरी विसरली होती! तीन मीटर अंतरासाठी बाजारपेठेतून २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर आणली, प्लग पॉइंटला वापरतात तीच. माझ्या कानाला तरी काडीचा फरक कळला नाही. तुमचे कान जास्त तयार असतील तर खुशाल खर्च करा, पण सुई, ब्रश आणि सपाटी बघायचा स्पिरिट लेव्हल आधी घ्या.

दिवेलागणीला खाँसाहेब लागले. खरखर होतीच, पण तिच्यामागून तो बारीक, धारदार सूर आला आणि मामाने टीव्ही बंद केला. तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपली. सुई मधल्या खाचेत फिरत राहिली.

“दुसरी बाजू लाव की गं,” आजी म्हणाली.