‘व्ही-२’ अग्निबाणाचा हिशेब

८ सप्टेंबर १९४४ च्या सायंकाळी लंडनच्या चिझिक भागातील स्टेव्हली रोड प्रचंड स्फोटाने हादरला. तीन जण मृत्युमुखी पडले. धोक्याचा भोंगा वाजला नव्हता, आकाशात विमानही दिसले नव्हते. गॅसवाहिनी फुटल्याची वदंता शहरात पसरली आणि सरकारने ती खोडून काढली नाही. जर्मनीच्या ‘व्ही-२’ अग्निबाणाचा हा लंडनवरील पहिला आघात होता, हे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी संसदेत जाहीर केले ते १० नोव्हेंबरला.

बाल्टिक समुद्रकाठच्या पेनेम्युंडे येथे वॉल्टर डॉर्नबर्गर आणि वेर्नर फॉन ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली हे अस्त्र घडले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. ते ध्वनीहून कितीतरी अधिक वेगाने येत असल्यामुळे आधी स्फोट होई आणि त्याच्या येण्याचा आवाज मागाहून ऐकू येई. त्याला वाटेत अडवण्याचा कोणताही उपाय त्या काळी नव्हता.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ही झेप अपूर्व होती, यात शंका नाही. युद्धाचा हिशेब मात्र वेगळाच निघतो. सुमारे साडेबारा टनांचा हा अग्निबाण जेमतेम एक टन स्फोटकाग्र वाहून नेई आणि एकाच उड्डाणात संपून जाई. बॉम्बफेकी विमान त्याहून अधिक भार टाकून परत येई व पुन्हा उड्डाण करी. युद्ध संपेपर्यंत सुमारे तीन हजार ‘व्ही-२’ डागले गेले. म्हणजे एकूण स्फोटक भार जवळपास तीन हजार टन. याउलट १२ मार्च १९४५ या एकाच दिवशी ब्रिटिश हवाई दलाने डॉर्टमुंडवर ४,८०० टनांहून अधिक बॉम्ब टाकले. अग्निबाणाचे इंधन असलेले अल्कोहोल बटाट्यांपासून काढले जाई. एका उड्डाणासाठी सुमारे ३० टन बटाटे लागत, असे सांगितले जाते आणि तेही अन्नटंचाईच्या काळात.

नेमही कच्चा होता. लक्ष्यापासून कित्येक किलोमीटर ढळणाऱ्या या अस्त्राने मारा करता येण्याजोगी लक्ष्ये म्हणजे मोठी शहरेच. बेल्जियममधील अँटवर्पवर लंडनपेक्षाही अधिक अग्निबाण पडले. १६ डिसेंबर १९४४ रोजी तेथील रेक्स चित्रपटगृहात ५६७ जणांचा बळी गेला. तरीही दोस्त सैन्याला रसद पुरवणारे त्या शहराचे बंदर बंद पडले नाही.

यात एक विसंगती दडलेली आहे. ‘व्ही-१’ हा स्वस्त, संथ उडता बॉम्ब पाडता येत असे. त्यामुळे ब्रिटनला शेकडो तोफा आणि लढाऊ विमाने त्याच्यामागे गुंतवून ठेवावी लागली. ‘व्ही-२’ पाडणे अशक्य होते. म्हणून त्याच्याविरुद्ध तसा खर्चही झाला नाही. शत्रूची शक्ती अडकवून ठेवण्यात स्वस्त अस्त्रच सरस ठरले. युद्धानंतर अमेरिकेच्या बॉम्बहल्लाविषयक सर्वेक्षणाने दोन्ही अस्त्रांवरील साधनसामग्रीची तुलना २४ हजार लढाऊ विमानांच्या उत्पादनाशी केली. आपले आकाश राखण्यासाठी धडपडणाऱ्या जर्मनीला याच विमानांची निकड होती. परंतु नगरांवरील बॉम्बवर्षावाचा सूड हिटलरला हवा होता. अस्त्राच्या नावातील ‘व्ही’ हे अक्षरही सूड या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे.

या हिशेबातील सर्वांत भीषण रक्कम जर्मनीतच मोजली गेली. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर हल्ला केल्यानंतर उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातील भुयारांत हलवण्यात आले. मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतील कैद्यांकडून तेथे काम करवून घेतले जाई. छावणीत आणलेल्या सुमारे ६० हजार कैद्यांपैकी जवळपास २० हजार भूक, रोगराई, अतिश्रम आणि फाशी यांना बळी पडले. त्यांतील सर्वच जण अग्निबाणाच्या कामावर नव्हते. तरीही ‘व्ही-२’च्या माऱ्यात मेलेल्यांपेक्षा त्याच्या निर्मितीत मेलेल्यांची संख्या अधिक होती, असे इतिहासकार मानतात. शस्त्रास्त्रांच्या इतिहासात असे उदाहरण विरळाच.

पराभवानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही हे तंत्र व तंत्रज्ञ हस्तगत केले. फॉन ब्राउन यांच्या ‘सॅटर्न-५’ने १९६९ मध्ये मानवाला चंद्राकडे नेले. त्या प्रकल्पाचे व्यवस्थापक आर्थर रुडॉल्फ भुयारातील कारखान्यात उत्पादनाचे प्रमुख होते. कैद्यांच्या छळाबाबत चौकशी सुरू झाल्यानंतर १९८४ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि तेथील नागरिकत्वाचा त्याग केला.