अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा आरंभकाल

बंदूक उडविली की उडविणाराच्या खांद्याला धक्का बसतो. न्यूटनच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाचाच हा परिणाम होय. पेटलेल्या दारूचा वायू गोळीला ज्या जोराने पुढे ढकलतो, त्याच जोराने शस्त्राला मागे रेटतो. कित्येक शतके हा धक्का निमूटपणे सोसण्यापलीकडे त्याचा कोणालाही उपयोग नव्हता. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या हायरम मॅक्सिम याने १८८३ ते १८८५ या काळात त्याला कामास जुंपले. त्याच्या मशीनगनमध्ये एका गोळीच्या धक्क्यानेच रिकामी पुंगळी बाहेर पडे व पुढचे काडतूस नळीत चढे.

हीच युक्ती तळहातात मावणाऱ्या शस्त्रात आणणे सोपे नव्हते. जुनी काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळी व क्षार यांच्या रूपाने मागे उरतो. नाजूक यंत्र थोड्याच बारांत त्याने भरून जाई. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निर्धूम दारू तयार केली आणि ही अडचण दूर झाली. नवी दारू जवळजवळ संपूर्णपणे वायुरूप होते.

आता प्रश्न उरला तो वेळेचा. गोळी नळीतून सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात बाहेर पडते. तेवढ्या वेळात पुंगळीवर प्रचंड दाब असतो. याच क्षणी मागचा बोल्ट उघडला, तर पितळी पुंगळी फाटून तप्त वायू उडविणाराच्या तोंडावर येईल. म्हणजे दार घट्ट बंद हवे, पण गोळी निघून जाताच ते आपोआप उघडावयास हवे.

मॅगडेबुर्ग येथे जन्मलेल्या ह्यूगो बोरखार्ट याने १८९३ मध्ये याचे उत्तर दिले, आणि ते मनुष्याच्या गुडघ्यासारखे होते. सरळ उभ्या पायावर सर्व शरीराचा भार राहतो; परंतु गुडघ्यामागे हलकासा धक्का लागला की तोच पाय दुमडतो. बोरखार्टच्या पिस्तुलात बोल्टच्या मागे दोन दांड्यांचा असा सांधा होता. बार होताच नळी व बोल्ट जोडीने थोडे मागे सरकत. तोवर सांधा सरळ, म्हणून दार बंद. मग सांध्याचा मागचा भाग चौकटीतील वळणदार पृष्ठभागावर आदळून सांधा वर दुमडे व बोल्ट उघडे. आठ काडतुसांची पेटी मुठीच्या आत होती. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. यंत्र उत्तम, पण बोजड. मागे बाहेर आलेल्या स्प्रिंगच्या डब्यामुळे ते हातात धरणे त्रासाचेच होते. गेओर्ग लुगर याने स्प्रिंग मुठीत नेली, मूठ तिरपी केली, आणि १९०० मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याने ते पिस्तूल स्वीकारले. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये व भूसेनेने १९०८ मध्ये त्याचे अनुकरण केले.

याच सुमारास, १८९६ मध्ये, माउझर कारखान्याचे पिस्तूल निघाले. त्याची पेटी चापाच्या पुढे होती. १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईत विन्स्टन चर्चिल यांनी तलवारीऐवजी हेच वापरले. त्याचे कारण मुंबईत आहे! १८९६ मध्ये ससून डॉक येथे होडीतून उतरताना त्यांचा उजवा खांदा निखळला होता व तलवार चालविण्याचा त्यांना भरवसा उरला नव्हता.

अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग याने मात्र सांध्याचा मार्ग सोडला. काडतूस कमी ताकदीचे असेल तर कुलूप लागतच नाही. वरच्या सरकत्या भागाचे वजन व स्प्रिंग यांच्या जोरावरच दार पुरेसा वेळ बंद राहते. बेल्जममध्ये बनलेले १९०० चे त्याचे पिस्तूल या तत्त्वावर चाले. भारी काडतुसासाठी त्याने नळीवर कंगोरे ठेवले. ते सरकत्या भागाच्या खाचांत अडकत, आणि थोडे मागे गेल्यावर एक लहान कडी नळीचे मागचे टोक खाली ओढून त्यांना सोडवी. कोल्ट कारखान्याच्या या पिस्तुलाची मार्च १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने परीक्षा घेतली. सहा हजार बार काढले, तापले की पाण्यात बुडवून थंड केले. ते एकदाही अडकले नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सैन्याने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत वापरात ठेवले.